वीजपेटीचं हट्टी कुलूप

एगॉन क्लाइनबेकनं एक्केचाळीस वर्षं कुलपं फोडून संसार केला. गैरसमज नको, माणूस अगदी सरळमार्गी. कपाटांच्या कुलपांच्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. घरांच्या दारांना लागतात ती कुलपं वेगळी. ह्या कारखान्यात वीजपेट्या, यंत्रांची कपाटं, रस्त्याकडेचे टेलिफोनचे खोके असल्या, ज्यांच्याकडे माणूस ढुंकूनही बघत नाही अशा वस्तूंची कुलपं बनत. नवं कुलूप तयार झालं की आधी एगॉनच्या टेबलावर यायचं. मग तो ते पिळायचा, ठोकायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, बर्फात गोठवायचा, आणि शेवटी कागदावर एकच शब्द लिहायचा. 'टिकलं' किंवा 'गेलं'. घरीही तो साधारण एवढंच बोलायचा. लग्नानंतर बायकोनं, रोझविटानं, पहिल्यांदा बटाट्याचं सूप केलं आणि "कसं झालंय?" म्हणून विचारलं, तेव्हा बराच विचार करून तो म्हणाला होता, "टिकेल." ती स्तुती होती की काय, ह्याचा उलगडा रोझविटाला अजून झालेला नाही.

फेल्बर्ट हे गावच मुळी कुलपांचं. इथं घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कुलपांच्या कारखान्यात आहे, होता, किंवा तिथून भांडून बाहेर पडलेला आहे. त्यामुळे कुणाचं दार अडकलं तर मदत मागायची सोय नाही. मदत मागितली की सात जण येतात, आठ मतं देतात, आणि दार संध्याकाळपर्यंत बंदच राहतं.

गावाबाहेरच्या उतारावर चोपन्न छोट्या बागांची वसाहत आहे. निवृत्त नवऱ्यांनी दिवसभर बायकांच्या पायात पायात येऊ नये, हा ह्या संस्थेचा मूळ हेतू. घटनेत मात्र 'निसर्गप्रेमाचे संवर्धन' असं लिहिलंय. वसाहतीच्या फाटकाशी माणसाच्या उंचीची एक करडी वीजपेटी उभी असते. चोपन्न बागांचे पंप, दिवे, सभागृहातला फ्रीज, सगळ्यांची नाडी ह्या पेटीत. आणि तिला होतं जुनं दोन दातांचं कुलूप. त्याची किल्ली जगभर सारखीच. फेल्बर्टात तर ती प्रत्येक स्वयंपाकघराच्या खणात, बाटली उघडायच्या चावीशेजारी, दोन-तीन तरी लोळत असते. त्यामुळे जाता-येता कुणीही पेटी उघडायचं, एखादं बटण खालीवर करायचं आणि समाधानानं निघून जायचं. मे महिन्यात असंच कुणीतरी नऊ नंबरच्या बागेतल्या तळ्याचा पंप बंद केला, आणि तिथले सोनेरी मासे दोन दिवस तोंड वर करून उपोषणाला बसल्यासारखे तरंगत राहिले.

त्यावर सभा भरली. अध्यक्षा डॉकहॉर्नबाई. पस्तीस वर्षं करखात्यात काढल्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय, असं त्यांना आपोआपच वाटायचं.

"ह्या पेटीला एक भक्कम कुलूप हवं," बाई म्हणाल्या. "आणि तेही साठाव्या वर्धापनदिनाच्या जत्रेआधी. कुणाची काही सूचना?"

एगॉननं हात वर केला. सभासद झाल्यापासून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला चक्कर येतेय असं समजून रोझविटानं पाण्याचा पेला पुढे केला.

"कुलूप मी देतो," एगॉन म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तोंड उघडायचं काम नेहमीप्रमाणे लोठार हेलविगनं पत्करलं. लोठार हा दरीपलीकडच्या, स्पर्धेतल्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडे नुसती हातानं फिरवायची, साधी लोखंडी कुलपं बनत. एगॉनची बाग चोवीस नंबरची, लोठारची पंचवीस. मध्ये गुडघ्याइतकं कुंपण आणि कारखान्यांच्या दिवसांपासूनचं चाळीस वर्षांचं वैर. वैर म्हणजे बोलायचा बहुतेक भाग लोठारच सांभाळायचा.

"कसलं कुलूप म्हणे?" लोठार म्हणाला. "ते तुझं विजेवर चालणारं? ज्याला पत्त्यातल्या पानासारखं कार्ड दाखवावं लागतं? अरे, कुलूप म्हणजे लोखंड आणि अक्कल. ज्यांच्याकडे दुसरी गोष्ट कमी पडते ते वायर लावतात. उद्या त्याला सर्दी होईल, परवा ते रजेवर जाईल, तेरवा म्हणेल आज माझा मूड नाही…"

"टिकतं," एगॉन म्हणाला.

ते कुलूप म्हणजे एगॉननं नोकरीत तपासलेलं शेवटचं कुलूप. निरोपाच्या दिवशी कारखान्यानं ते त्याला डब्यात घालून भेट दिलं होतं. तीन वर्षं तो डबा कपाटात होता आणि दर रविवारी एगॉन तो उघडून, कुलपावरून फडकं फिरवून, परत ठेवत असे. रोझविटा कुणाला सांगायची नाही, पण एकदा तिनं त्याला कुलपाशी बोलताना पाहिलं होतं. चांगली तीन-चार वाक्यं.

ठराव झाला. आता काम सोपं होतं. जुनं कुलूप काढायचं, दाराचं भोक थोडं वाढवायचं, नवं बसवायचं. तासाभराचं काम. त्याला सात आठवडे लागले.

कारण पेटी संस्थेची, पण आतला मीटर वीज कंपनीचा. दार संस्थेचं, पण दारामागची हवा कुणाची ह्याबद्दल करारात स्पष्टता नव्हती. भोक वाढवायचं म्हणजे कंपनीची परवानगी हवी. कंपनीनं चार पानी अर्ज धाडला. त्यात रकाने होते. भोकाचा हेतू. भोकाचा आकार, आधीचा आणि नंतरचा. भोक कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं. एगॉननं 'कायमस्वरूपी' असं लिहिलं. तेव्हा उत्तर आलं की कायमस्वरूपी भोकाला नकाशा जोडावा लागतो. नकाशा जोडला, तर उत्तर आलं की नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाही. एगॉननं भोकाची उत्तर दिशा दाखवली. एक्केचाळीस वर्षांत त्यानं कुलपांना जे जे केलं होतं, ते सगळं आता कुणीतरी त्याला करत होतं, अशी त्याची भावना झाली.

मधल्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. सात नंबरवाल्यानं सांगितलं, मूठ डावीकडे बसव. अकरा नंबरवालीनं सांगितलं, तिच्या मेव्हण्यानं डावीकडे बसवली होती आणि त्याचा घटस्फोट झाला. इस्मेत काराबुलुत तेवढा एक विचारी माणूस. तो ओतशाळेत होता. तीस वर्षं कुलपांच्या मुठी ओतल्या त्यानं, आणि कुलूप 'करणाऱ्या' माणसाबद्दल त्याला आदर होता.

"उस्ताद," इस्मेत म्हणाला, "सगळं ठीक. पण ह्याला वीज कुठून?"

"आतून. पेटीतूनच."

"आणि वीज गेली तर?"

"गेल्या अकरा वर्षांत गेलेली नाही," एगॉन म्हणाला. हे त्याच्या मानानं लांबलचक भाषण होतं, त्यामुळे इस्मेतनं पुढे ताणलं नाही. शिवाय आणीबाणीसाठी कुलपाला खाली एक साधं भोक आणि दोन किल्ल्या होत्याच.

जुलैच्या शेवटी कुलूप बसलं. काय दिसायचं! काळीभोर मूठ, दारात सपाट मिटलेली. कार्ड दाखवलं की निळा दिवा लागे, 'टिंग' असा मंजुळ आवाज होई आणि मूठ आपण होऊन अदबीनं पुढे येई. फिरवली की आतले तीन दांडे, वरचा, खालचा आणि मधला, एकदम मागे सरकत. पहिल्या आठवड्यात वसाहतीतली माणसं नुसतं 'टिंग' ऐकायला फाटकाशी येत. एगॉन रोज सकाळी एकदा उघडून बंद करून दाखवी. लोठार मात्र त्या बाजूनं जाताना मान दुसरीकडे वळवी. पण एका सकाळी एगॉनला मुठीच्या वरच्या काचेवर नाकाचा ठसा दिसला. एवढं मोठं नाक वसाहतीत एकच होतं. एगॉननं तो ठसा दोन दिवस पुसला नाही.

आता प्रश्न उरला आणीबाणीच्या किल्ल्यांचा. त्या कुठे ठेवायच्या, ह्यावर सभेत पाऊण तास चर्चा झाली. एगॉनच्या घरी ठेवाव्यात, तर लोठार म्हणाला, "आणि उद्या हा मेला म्हणजे? हा आधीच इतका गप्प असतो की आपल्याला आठवडाभर कळायचंसुद्धा नाही." सभागृहाच्या खणात ठेवाव्यात, तर त्या खणाला कुलूप नव्हतं. अध्यक्षांकडे ठेवाव्यात, तर हिशेबतपासनीस खाकरला. शेवटी डॉकहॉर्नबाई उभ्या राहिल्या.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "किल्ल्या सर्वांत सुरक्षित जागी हव्यात. आणि आज आपल्या वसाहतीत सर्वांत सुरक्षित जागा कुठली, हे मी सांगायला हवं का? क्लाइनबेकांनी बसवलेल्या कुलपामागे. ती पेटी."

टाळ्या पडल्या. 'सर्वांत सुरक्षित' हे शब्द ऐकून एगॉनचा चष्मा धुरकटला, आणि तो पुसण्यात गुंतल्यामुळे आपण कशाला हात वर केला हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ठराव क्रमांक सात. एकमतानं मंजूर. दोन्ही किल्ल्या पेटीत आतल्या खिळ्याला टांगण्यात आल्या.

जत्रेचा शनिवार उजाडला. आकाश निरभ्र. बायकांनी सकाळपासून वॉफलचं पीठ भिजवून टब भरून ठेवले होते. गरम चेरी, तांदळाची खीर, साय, सगळं तयार. रोझविटा वॉफल विभागाची प्रमुख. हा मान तिला बावीस वर्षं वाट पाहून मिळाला होता, आधीच्या प्रमुखबाई काही केल्या थकतच नव्हत्या. नऊ साचे तापत होते. कॉफीची तीन मोठी भांडी उकळत होती. बियर थंड होत होती. मुलांसाठी हवेचा भलामोठा किल्ला फुगवलेला होता, आणि उपमहापौर टिलमन, तरुण माणूस, "मीही मनानं मूलच आहे" असं म्हणत, बूट काढून त्यात उड्या मारायला शिरले होते. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर तयारीत होता.

अडीच वाजता अकरा नंबरवालीनं आपला घरचा साचा आणला, "माझ्यात कडा कुरकुरीत होतात" म्हणाली, आणि दहावी पिन खोचली.

पेटीतून 'फट्' असा आवाज आला.

संगीत थांबलं. साच्यांचे दिवे विझले. हवेचा किल्ला एक दीर्घ उसासा टाकून खाली बसू लागला. आतून मुलांचा आनंदाचा आणि उपमहापौरांचा निराळ्या प्रकारचा आवाज आला.

"मुख्य बटण पडलं, दुसरं काही नाही," डॉकहॉर्नबाई म्हणाल्या. "क्लाइनबेक, पेटी उघडा."

एगॉन ऐटीत पेटीकडे गेला. मागे दीडशे माणसं. त्यानं कार्ड काढलं, बाहीला पुसलं, मुठीसमोर धरलं. निळा दिवा लागला नाही. त्यानं कार्ड उलटं धरलं. मग आडवं धरलं. मग त्यावर फुंकर मारली.

"उस्ताद," इस्मेत हळूच म्हणाला, "कुलपाला वीज पेटीतून येते ना?"

"हो."

"आणि पेटीतलं बटण तर पडलंय."

एगॉन काही बोलला नाही. एरवीही तो काही बोलत नसे, पण हे न बोलणं निराळं होतं.

"मग आणीबाणीची किल्ली आणा!" बाई गरजल्या. "ती कुठे आहे, हे इतिवृत्तात आहे!" त्यांनी वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "ठराव क्रमांक सात. आणीबाणीच्या दोन्ही किल्ल्या वसाहतीतील सर्वांत सुरक्षित जागी, म्हणजेच…" इथपर्यंत आवाज खणखणीत होता. पुढचा भाग त्यांनी मनात वाचला. वही मिटली. "हा ठराव," त्या म्हणाल्या, "कुणी मांडला होता, ह्यात आत्ता जायला नको."

वीज कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन लावला.

"कुणाच्या जिवाला धोका आहे का?" पलीकडून बाईनं विचारलं.

"साठ लिटर वॉफलचं पीठ आहे," डॉकहॉर्नबाई म्हणाल्या.

"मग सोमवारी."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. फेल्बर्टात एक बंद कुलूप आणि दीडशे माणसं एकत्र आली होती. घराघरांतून हत्यारं निघाली. सात नंबरवाल्यानं वाकवलेल्या तारेनं प्रयत्न केला. एगॉन म्हणाला, "नाही." कुणी पहार घातली. "नाही." एका निवृत्त फोरमननं मुठीला कान लावून, डोळे मिटून, हातोडीनं अलगद टकटक केली. त्याच्या काळी ह्या युक्तीला कुठलंही कुलूप भुलायचं. पाच मिनिटांनी त्यानं डोळे उघडले. "हे ऐकतच नाही," तो दुखावल्या स्वरात म्हणाला. एगॉन म्हणाला, "आत रबर आहे."

एकेक माणूस हरून मागे सरकत होता आणि एगॉनची पाठ एकेक इंच ताठ होत होती. बिचाऱ्याची मोठी पंचाईत होती. संस्थेचा सभासद म्हणून त्याला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, आणि होतही होतं. पण एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीत असली तपासणी त्याला कधी करायला मिळाली नव्हती. दीडशे तज्ज्ञ, भर उन्हात, अवजारांसकट!

रोझविटा पिठाचा टब कडेवर घेऊन आली. पीठ फसफसून काठाशी आलं होतं. "एगॉन," ती दातांत म्हणाली, "तू हसतोयस."

"नाही."

"तुझे कान हसतायत. मी ह्या कानांना पंचेचाळीस वर्षं ओळखते. बावीस वर्षं थांबले मी आजच्या दिवसासाठी, आणि तू तिथं उभा राहून त्या डबड्याचं कौतुक करतोयस?"

एगॉनचे कान पडले. त्यानं मान वळवून गर्दीकडे पाहिलं आणि आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"लोठार, ड्रिल आण."

लोठारला हे स्वप्नात ऐकू आलं असतं तरी तो झोपेतून उठून आला असता. बॅटरीवर चालणारं ड्रिल घेऊन तो आला, आणि येताना बोलतच आला. "मी काय म्हणत होतो? लोखंड आणि अक्कल! आता बघा, किल्लीच्या भोकातून सरळ आत जायचं. दोन मिनिटं. आमच्या कारखान्यात आम्ही असली कुलपं जेवणाच्या सुट्टीत…"

पहिलं टोक बोथट झालं. "टोक जुनं होतं," लोठार म्हणाला. दुसरं तापून निळं पडलं. "ऊन फार आहे." तिसरं कडाडकन मोडलं आणि त्याचा तुकडा भोकात आतच राहिला. लोठार काही म्हणाला नाही.

तो पेटीशेजारच्या दगडावर बसला. घाम पुसला. बराच वेळ त्या काळ्या मुठीकडे बघत राहिला. वसाहतीत इतकी शांतता लोठार उपस्थित असताना कधी झाली नव्हती.

"मागे काय घातलंयस रे?" त्यानं शेवटी विचारलं.

"पोलादाची चकती. सैल. ड्रिलबरोबर फिरते."

"सैल? म्हणजे टोकाला जोर पकडताच येत नाही." लोठारनं मान हलवली. "कुणाचं डोकं हे?"

"माझं," एगॉन म्हणाला. आणि मग त्याच्यात काय संचारलं कोण जाणे, तो लोठारशेजारी दगडावर टेकला. "आधी घट्ट होती. तेवीस वेळा कुलूप गेलं. सगळे म्हणाले, सोडून दे, तुझी निवृत्ती आलीय. चोविसाव्या वेळी मी म्हटलं, सैल सोडून बघू."

"तेवीस वेळा!" लोठार म्हणाला. "आमच्याकडे कुणी तिसऱ्यांदासुद्धा करू दिलं नसतं." तो जरा घुटमळला. पुढचे शब्द त्याच्या तोंडातून येताना त्याला दात काढल्याइतका त्रास झाला असावा. "चांगलं कुलूप आहे, एगॉन."

एगॉनला ह्यावर काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण ते शब्द सापडेपर्यंत दोन्ही हात भरून आलेल्या रोझविटानं, "तुमचं एकमेकांना गोंजारून झालं असेल तर सांगा," असं म्हणत टबाचं वजन पेटीच्या दाराला टेकवलं, आणि 'टॉक्' असा आवाज होऊन दार आत दबलं.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. रोझविटानं टब उचलला. 'टॉक्', दार बाहेर आलं. तिनं परत टेकवला. 'टॉक्.'

"अय्या," ती म्हणाली, "हे दार आहे की बिस्किटांचा डबा?"

इस्मेतनं पुढे होऊन अंगठ्यानं पत्रा दाबून पाहिला. चाळीस वर्षांचा पत्रा, आतून गंजून कागदासारखा झालेला. दीडशे तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. तासभर सगळ्यांचे डोळे कुलपावर खिळले होते. ते कुलूप ज्याच्यात बसवलंय त्याच्याकडे एकानंही पाहिलं नव्हतं. पण त्यांचा तरी काय दोष? फेल्बर्टात दारांचा कारखानाच नाही.

इस्मेतनं आपल्या बागेतून पत्रा कापायची कात्री आणली. "मुख्य बटण उजवीकडे, मीटर डावीकडे. मी बसवताना पाहिलंय," तो म्हणाला, आणि हातमोजे चढवून त्यानं कुलपाच्या उजव्या बाजूला, वहीच्या पानाएवढा तुकडा ईदेची कुराबिए बिस्किटं कापावीत तशा सफाईनं कापून काढला. आत हात घालायची कुणाची छाती होईना. तेव्हा रोझविटानं पिठानं माखलेला लांब लाकडी चमचा पुसूनबिसून पुढे केला. इस्मेतनं तो भोकातून आत घातला, जीभ दातांत धरली आणि बटण वर ढकललं.

संगीत सुरू झालं. साचे उजळले. अकरा नंबरवालीच्या साच्याची पिन डॉकहॉर्नबाईंनी स्वतःच्या हातानं उपटून पर्समध्ये टाकली. हवेचा किल्ला फुगू लागला, त्याचा एक बुरूज वर आला आणि त्याबरोबर उपमहापौर टिलमनही वर आले. एक मोजा पायात, एक हातात, आणि केसांत कुणाचं तरी लॉलीपॉप. 'साठ वर्षांची उंच भरारी' ह्या मथळ्याखाली तो फोटो सोमवारी छापून आला.

एवढ्या गडबडीत एगॉन एकटा पेटीपाशी उभा होता. कुलपाचा निळा दिवा लागला होता. त्यानं कार्ड दाखवलं. 'टिंग.' आत मोटर घुरघुरली. मूठ जागची हलली नाही. परत 'टिंग.' परत घुरघुर. इस्मेतनं चमच्यानं खिळ्यावरची आणीबाणीची किल्ली काढून दिली. ती भोकात जाईना, तिथं लोठारच्या ड्रिलचं मोडकं टोक ठाण मांडून बसलं होतं. आता कार्डानंही नाही, किल्लीनंही नाही. जगात असा कुठलाही मार्ग उरला नव्हता, ज्यानं ते कुलूप उघडलं असतं.

एगॉन काय म्हणतो म्हणून सगळे वाट बघत होते. त्यानं खिशातून रुमाल काढून मूठ पुसली.

"टिकलं," तो म्हणाला.

नंतरच्या सभेत पेटीला नवं दार बसवावं असा विषय निघाला. पण त्यासाठी आधी जुन्या दाराला पडलेल्या नव्या भोकाचा अर्ज भरावा लागणार, हे कळल्यावर तो विषय सर्वानुमते मागे घेण्यात आला. भोक उघडं मात्र ठेवता येईना. तेव्हा लोठारनं, कुणी सांगितलेलं नसताना, भोकावर पत्र्याचं एक छोटं झाकण बसवलं आणि त्याला आपल्या कारखान्याचं हातानं पाव फेरा फिरवायचं कुलूप लावलं. साधं, लोखंडी, बिनवायरचं. आता वसाहतीतली माणसं लोठारचं झाकण उघडून, रबरी हातमोजा चढवून आत हात घालतात आणि बटणं खालीवर करतात. एगॉनचं कुलूप शेजारी तसंच आहे, कायमचं लागलेलं. कुणी पाहुणे आले की एगॉन त्यांना पेटीकडे घेऊन जातो. "आजवर कुणालाही उघडता आलेलं नाही," असं म्हणतो. लगेच पंचवीस नंबरमधून लोठार धावत येतो. कुलूप उघडत नाही ते एगॉनच्या चकतीमुळे नव्हे, तर आपल्या ड्रिलच्या टोकामुळे, टोक कसं अस्सल पोलादाचं होतं, हे तो पाहुण्यांना अर्धा तास समजावतो. लोठारच्या स्वतःच्या कुलपाची कथा जरा वेगळी आहे. पत्रा वाकडा असल्यामुळे त्याची जीभ खाचेत बसतच नाही, आणि जरा वारा सुटला की झाकण दिवसभर वाजत राहतं.

सप्टेंबरात एकदा दोघं असेच पेटीच्या दोन बाजूंना उभे होते. रोझविटा भाजीची टोपली घेऊन घरी निघाली होती.

"रोझविटा, तूच सांग," लोठार म्हणाला. "खरं खरं सांग हं, नवरा आहे म्हणून भीड ठेवू नकोस. ह्या दोघांतलं चांगलं कुलूप कुठलं?"

रोझविटानं टोपली खाली ठेवली. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"एकाचं उघडत नाही, दुसऱ्याचं मिटत नाही," ती म्हणाली. "दोन्ही आपापल्या मालकांवर गेलीत."

लोठारनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. एगॉन काहीच बोलला नाही.